आजीची गाठ

ठकी नापास झाली आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, हे माईंना तिच्या नापास होण्यापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी संध्याकाळी ठकी कब स्काउटमधून घरी आली. टोपी खुंटीला लावली, गळ्यातल्या स्कार्फची घडी घातली, बूट एकाशेजारी एक लावले आणि मग कुणाला पत्ता सांगावा तशा आवाजात म्हणाली, "मी गाठीच्या परीक्षेत नापास झाले." बापाने पेपरातून डोकं न काढता "अरे रे" म्हटलं. आई फोनवर होती, तिने नुसत्या भुवयांनी "अरे रे" म्हटलं. आठ वर्षांच्या पोरीचं तोंड एवढंसं झालेलं आणि ही दोघं अशी, जणू पोस्टमन चुकून शेजारचं पत्र टाकून गेला.

माई मात्र उठून बसल्या.

"कुठल्या गाठीच्या? मी शिकवली त्या?"

"हो."

आता यात दडवण्यासारखं काही नाही. शुक्रवारी ठकी दोरीचा तुकडा घेऊन सराव करत बसली होती, तेव्हा माईंनी तो तिच्या हातून काढून घेतला आणि "असं नाही गं, अशी बांधतात" म्हणून तासभर तिला खरी गाठ शिकवली होती. माईंच्या गाठींचा त्या इमारतीत दबदबा होता. त्यांनी बांधलेलं बोचकं उघडायला कात्री लागते, असं सून म्हणायची. सून ते कौतुकाने म्हणत नव्हती, पण माईंनी ते कौतुक म्हणूनच घेतलं होतं.

"काय म्हणाला तुझा मास्तर?"

"म्हणाले, ही आजीची गाठ आहे."

माईंची मान ताठ झाली. "मग? आजीने शिकवली तर आजीचीच असणार. ओळखली म्हणजे त्याने. त्यात नापास काय करायचं?"

"तसं नाही आजी. पुस्तकातच तिचं नाव तसं आहे."

पुस्तकात. माईंची शाळा तिसरीत सुटली. पुस्तकाशी पुढे संबंध आला तो डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालण्यापुरता. आता त्याच पुस्तकात त्यांची गाठ नावानिशी छापून आली म्हटल्यावर त्या क्षणभर नापासाचं दुःखही विसरल्या. "वाच," म्हणाल्या, आणि मुलाला म्हणाल्या, "तो पेपर खाली ठेव. ऐक जरा."

ठकी वाचायला तयार होईना. माईंनी डोळे मोठे केले तेव्हा तिने भरभर वाचून टाकलं, "आजीची गाठ. ही चुकीची गाठ आहे. घाईने किंवा अज्ञानाने बांधली जाते. ताण पडला की सरकते. हवी तेव्हा सुटत नाही व नको तेव्हा सुटते. आजीच्या गाठीवर कधीही विसंबू नये."

मुलाच्या हातातला पेपर थरथरायला लागला. सून फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला, तो बराच वेळ बंद केला नाही.

"कुणी लिहिलंय हे?" माईंनी विचारलं.

"नाव नाही. भाषांतर केलंय, असं लिहिलंय."

"तरीच. स्वतःच्या आजीला घाबरून नाव घातलं नाही त्याने."

नापास म्हणजे काय, तेही नीट कळू दे. पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा होती. त्यात पास होतील ती पोरं कॅम्पला जाणार, तंबूत राहणार, आपलं अंथरूण आपण गुंडाळणार, आपली थाळी आपण घासणार. ठकीला घरी थाळी उचल म्हटलं तर पोटात दुखायचं, पण या कॅम्पसाठी तिने कॅलेंडरवर चार महिन्यांपासून फुल्या मारल्या होत्या. फेरपरीक्षेतही गाठ चुकली तर पुढचा कॅम्प पुढच्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी माई कबमास्तरांच्या घरी जाऊन थडकल्या. हा गृहस्थ सोमवार ते शुक्रवार लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो आणि शनिवारी पोरांना शिस्त लावतो. दोन्हीकडे तो "अजिबात दुखणार नाही" असं सांगतो. माईंचं रक्त त्याने तीनदा काढलेलं, त्यामुळे दोघं एकमेकांना चांगले ओळखून होते. त्याने दार उघडलं आणि स्काउटच्या रीतीप्रमाणे डावा हात पुढे केला. माईंनी त्या हाताकडे असं पाहिलं की त्याने तो परत नेला आणि दुसरा आणला.

"माई, गाठ खरंच चुकीची आहे हो," तो म्हणाला. "सपाट बसत नाही ती, आडवी बसते. आपली सपाट गाठ म्हणजे उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. तुमच्यात दोन्ही वेळा उजवंच वर येतं."

"मी तीन पोरं वाढवली, कधी डावं-उजवं केलं नाही," माई म्हणाल्या. "आता या वयात दोरीसाठी करू?"

"नाव मी ठेवलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "तक्रार असेल तर कार्यालयात अर्ज द्या. मी फक्त परीक्षा घेतो."

"देते. गाठ माझ्याशी आहे, हे त्यांनाही कळू दे."

अर्ज द्यायचा हे एकदा ठरल्यावर इमारतीत सल्ल्यांची कमतरता नव्हती. सल्ला ही अशी वस्तू आहे की देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याचं बरंच जातं. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, ही बदनामी आहे, पण नेमकी कुठल्या आजीची ते सिद्ध करावं लागेल. खालची शिवणकाम करणारी म्हणाली, माई, तुमची गाठ मी दहा वर्षं पाहतेय, पुस्तक काही अगदीच खोटं बोलत नाही. तिच्याशी माई दोन दिवस बोलल्या नाहीत. तळमजल्यावरचे पेन्शनर मात्र कामाला लागले. त्यांनी आयुष्यभर सरकारी खात्यात दुसऱ्यांचे अर्ज फेटाळले होते, त्यामुळे अर्ज कसा असावा हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी विषय घातला, "आजी या पदाची पुस्तकाद्वारे होत असलेली मानहानी थांबविणेबाबत." खाली सात कलमं. चौथं कलम माईंनी स्वतः सांगून लिहून घेतलं, "सदर गाठ अर्जदार गेली साठ वर्षे बांधत असून ती आजतागायत एकदाही सुटलेली नाही."

स्काउटचं कार्यालय म्हणजे दोन जिने चढून एक लांबट खोली. एका कोपऱ्यात काठ्यांची मोळी, कपाटावर गुंडाळलेले झेंडे, आणि टेबलामागे एक कारकून, जो रबरी शिक्क्याला फुंकर घालत होता. त्याने सात कलमं वाचली. हसला नाही. कारकून हसत नाहीत, ती त्यांची खरी ताकद.

"सभासद क्रमांक?"

"कसला?"

"पुस्तकाबद्दलची तक्रार फक्त सभासदाला करता येते. बाहेरच्या माणसासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही."

"मग एक रकाना आखा. पट्टी देऊ का?"

"नाही आखता येत, आजी. तुम्ही सभासद व्हा. मदतनीस म्हणून होता येतं, वयाची अट नाही."

"करा मग."

"असं नाही होत. साधी चाचणी असते, तुमचे कबमास्तरच घेतील." त्याने छापील कागद पुढे सरकवला आणि पेनाच्या टोकाने वाचून दाखवलं. वचन पाठ म्हणणे. सलाम करणे. आणि सपाट गाठ बांधणे.

पेन्शनर सोबत होते. ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे पुस्तकाविरुद्ध तक्रार करायची तर आधी पुस्तकातलीच गाठ बांधून पास व्हायचं. माईंना वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. पण कारकून खरोखरच शिक्क्याला फुंकर घालत होता.

परत येताना माईंनी मनाशी ठरवलं की पुस्तकातली गाठ शिकायची नाही. आपली गाठच चारचौघांत पक्की ठरवून दाखवायची, म्हणजे प्रश्नच मिटला. संधी त्याच आठवड्यात चालून आली. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं घर बदलत होतं आणि त्यांच्या दोन जाड गाद्या जिन्याच्या वळणावर अडकत होत्या. गाद्या गॅलरीतून दोरीने खाली सोडायच्या ठरल्या. कपडे वाळत घालायची एक दोरी अपुरी पडत होती, दोन जोडाव्या लागणार होत्या.

"आजी, मी जोडू?" ठकी म्हणाली. ती तिथे कुणी न बोलावता आली होती आणि मघापासून जोडप्याच्या पिशव्या खाली नेऊन ठेवत होती. रोज एक भलं काम करायचं आणि त्याचा गवगवा करायचा नाही, असा कबचा नियम आहे. माईंच्या चष्म्याच्या काचा गेले कित्येक दिवस सकाळी आपोआप स्वच्छ झालेल्या असत. माई डॉक्टरचं नाव काढत होत्या, चष्मा चांगला लागला म्हणून.

"तू सरक," माई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही दोऱ्या हातात घेतल्या.

गाठ बघायला इमारत जमली होती. माईंनी ती बांधली, दोन्ही बाजूंनी ओढून दाखवली, आणि "सोडा" म्हणाल्या. गादी कठड्यावरून गेली. दुसऱ्या मजल्यापर्यंत अगदी मानाने गेली. तिथे ती वाऱ्याने जरा वळली, गाठ सरकली, पुस्तकात लिहिलं होतं तश्शी सरकली, आणि गादी उरलेलं अंतर एकटीच गेली. खाली पेन्शनरांच्या कुंड्या होत्या. होत्या, असंच म्हणायला हवं.

कुणाला लागलं नाही. पेन्शनर अंगणात आले, गादीखालून डोकावणाऱ्या एका पानाकडे पाहिलं आणि वर मान करून अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "माई, कलम चारमधली एक ओळ काढावी लागेल."

सगळे हसले. शिवणकाम करणारी हसली, वकील हसले, ज्यांची गादी होती तेही हसले. माई गॅलरीत दोरीचं रिकामं टोक धरून उभ्या होत्या आणि कुठे बघावं ते त्यांना समजत नव्हतं. हसली नाही फक्त ठकी. तिने खाली जाऊन दोरी आणली, आजीच्या हातातलं टोक सोडवून घेतलं, दोन्ही टोकं जोडली आणि बाजूला झाली. दुसरी गादी सुखरूप उतरली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे कुंड्या मोजत होते. माईंचं होतं. त्यांना तेव्हा रागच आला. पोरगी हसली असती तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

घरी आल्यावर माई म्हणाल्या, "तो दोरीचा तुकडा आण."

शिकणं सोपं नव्हतं. साठ वर्षं हातांनी एक वाट तुडवलेली, ते आता सांगितलेल्या वळणावर वळायला तयार नव्हते. उजवं डाव्यावर जायचं आणि मग पुन्हा उजवंच पुढे धावायचं, जणू डाव्याला या घरात काही मानच नाही. ठकी समोर मांडी घालून बसायची. गाठ आडवी बसली की ती सोडून दोरी परत माईंच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पुन्हा." बस. ना "किती वेळा सांगायचं", ना "लक्ष कुठे आहे तुझं". माई ज्या मास्तरणीकडे शिकल्या तिच्याकडे पट्टी होती. त्यामुळे पहिले दोन दिवस त्या हात चुकला की नकळत मागे घ्यायच्या.

"तुला कोण शिकवतं असं शिकवायला?" त्यांनी एकदा विचारलं.

"आम्ही मोठे कब छोट्यांना शिकवतो ना. त्यांच्या हातातून घ्यायचं नाही, असा नियम आहे. आपण करून दिलं तर त्यांना येत नाही."

माईंनी दोरी खाली ठेवली. ठकीच्या बुटाच्या लेस कोण बांधतं, वेणी कोण घालतं, दप्तर कोण भरतं, पेन्सिलीला टोक कोण करतं, याची त्यांनी मनात एक फेरी मारली. दर वेळी तेच नाव आलं. आणि ती शुक्रवारची संध्याकाळ. पोरीच्या हातात दोरी होती, ती काहीतरी बांधत होती, ते काय होतं हे न बघताच आपण ती काढून घेतली.

"त्या शुक्रवारी तू कुठली गाठ बांधत होतीस गं?"

"हीच. पुस्तकातली."

"येत होती तुला?"

ठकीने दोरी पाठीमागे नेली, न बघता बांधली आणि पुढे आणली. सपाट, सरळ, दोन्ही टोकं शेजारी शेजारी झोपल्यासारखी.

"मग परीक्षेत माझी का बांधलीस? चुकीची आहे, हे ठाऊक होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

ठकी चुळबुळली. "तू शिवणवाल्या काकूंना सांगितलं होतंस, मी शिकवलेय, ती पास होणारच. मी दुसरी बांधून पास झाले असते, तर काकू तुला हसल्या असत्या. नापास झाले तर मलाच हसणार."

माईंनी ती सपाट गाठ बोटांनी चाचपली. मग त्यांनी विचारलं, "आणि या वेळी?"

ठकीने खांदे उडवले. "बघू," म्हणाली. म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. चार महिन्यांच्या फुल्या एकीकडे आणि आजीचं नाक एकीकडे, आणि पोरगी बघू म्हणत होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "माझी गाठ चुकीची आहे, तू तुझी बांध," एवढं एक वाक्य. पण माईंनी हे वाक्य आयुष्यात कधी वापरलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "परीक्षेला पोटभर खाऊन जा." दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नखं काढ." तिसऱ्या दिवशी तेल घालून वेणी घातली, तीही घट्ट. शनिवार उजाडला आणि सांगायचं राहिलंच.

शाळेच्या खोलीत बाकं भिंतीला लावून पोरं गोल बसली होती. पाठीमागे आईबाप, पेन्शनर खिशात सुधारित अर्ज घेऊन, आणि शिवणवाली, जिला कुणी बोलावलं नव्हतं. कबमास्तरांनी सांगितलं की आधी नव्या मदतनीसांची चाचणी, मग पोरांची.

वचन माईंनी एका दमात म्हटलं. लिहिता-वाचता फार येत नसलं की माणूस पाठ पक्कं करतो, पोरांना पुस्तक बघावं लागलं असतं. सलाम असा ठोकला की एक छोटा कब दचकून उभा राहिला. टाळ्या झाल्या. मग कबमास्तरांनी दोरी दिली आणि म्हणाले, "सावकाश, माई. अजिबात दुखणार नाही."

त्या दिवशी माई मुद्दाम चुकल्या, असं पेन्शनर अजून लोकांना सांगतात. ते खोटं आहे. माई घरून पास व्हायलाच निघाल्या होत्या. आदल्या दिवशी सात वेळा बांधून सातही वेळा बरोबर आली होती. पण खोलीभर डोळे हातांवर आले, हातांना घाम आला, आणि ते साठ वर्षांच्या वाटेने सरळ घरी निघून गेले. उजवं वर, पुन्हा उजवं वर. गाठ आडवी बसली.

माईंनी तिच्याकडे पाहिलं. समोरच्या गोलात ठकीनेही पाहिलं आणि पटकन नजर आपल्या मांडीवरच्या दोरीकडे नेली.

कबमास्तर भला माणूस. त्याने दोरी उचलून खिशात टाकली आणि कागदावर काहीतरी लिहायला लागला.

"काय लिहिताय?"

"काही नाही, किरकोळ सुधारणा आवश्यक. पुढच्या वेळी होऊन जाईल."

"किरकोळ नाही ती," माई म्हणाल्या. "खोडा ते."

"राहू द्या ना, माई."

"खोडा म्हणते ना. गाठ चुकली, असं लिहा." मागे शिवणवाली पुढे वाकून बसली होती, ते माईंना न बघताही कळत होतं. त्यांनी आवाज आणखी चढवला. "मोठ्या अक्षरात लिहा. ही माझी गाठ आहे, मी साठ वर्षं बांधतेय, आणि ती चुकीची आहे. त्या दिवशी गादी पडली तीही हिच्यामुळे. पुस्तकात आहे ते बरोबर आहे."

त्याने लिहिलं. माईंनी कागद त्याच्या हातून घेतला, एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं आणि गोलात जाऊन ठकीच्या पुढे धरला. "मला जोडाक्षर नीट दिसत नाही. बरोबर लिहिलंय का बघ."

ठकीने वाचलं. दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाली.

"मग झालं तर."

माई भिंतीकडच्या बाकावर येऊन बसल्या. पेन्शनर वाकून कुजबुजले, "पण मग सभासदत्व नाही. अर्जाचं काय करायचं?"

"कुंड्यांत घाला," माई म्हणाल्या.

पाच पोरांनंतर ठकीचं नाव पुकारलं. ती उठली, पुढे गेली, दोरी घेतली. माईंचे हात मांडीवर शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर शाळेचं रिकामं मैदान होतं, बघण्यासारखं काहीच नव्हतं. ते त्यांनी अगदी मन लावून पाहिलं. मग शिवणवालीच्या तोंडून "वा" निघालं, आणि त्यावरून माईंना कळलं की गाठ सपाट बसली आहे.